गैरहजर मुलांची शाळा

अंगणवाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? खरं खरं सांगा हं. रंगवलेली भिंत, त्यावर आंबा-केळी-पपईची चित्रं, कोपऱ्यात वजनकाटा आणि खिचडीचं पातेलं. थोडक्यात, 'गावाकडचं काहीतरी सरकारी'. आपल्या पिल्लांसाठी आपल्याकडे प्ले ग्रुप असतो. त्याला गोंडस इंग्रजी नाव असतं, एसी असतो, आईबाबांना मोबाइलवर बघायला कॅमेरा असतो आणि फीचा आकडा ऐकून दोघांपैकी एकजण तरी गुपचूप ईएमआयचा हिशेब करतो. अंगणवाडीशी आपला संबंध काय?

संबंध आहे, आणि तो चक्क आपल्या वीकेंडच्या रस्त्यावर आहे. मुंबईहून अहमदाबाद हायवेला लागायचं, चारोटी नाक्याला डावीकडे वळायचं आणि डहाणूवरून बोर्डी गाठायची. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं, ओहोटीला पार क्षितिजापर्यंत आत गेलेला समुद्र... प्रत्येकाच्या अल्बममध्ये तेच चार फोटो असतात! तर याच बोर्डीत १९४५ च्या डिसेंबरमध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. 'अंगणवाडी' या कल्पनेचं आणि शब्दाचं श्रेय त्यांनाच दिलं जातं.

पण आजची गोष्ट ताराबाईंची नाही. त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या बाईंची आहे. अनुताई वाघ. १७ मार्च १९१० चा जन्म, २७ सप्टेंबर १९९२ ला मृत्यू. या ८२ वर्षांतली ४७ वर्षं एकाच तालुक्यात, एकाच कामात. आपण दोन वर्षांत अप्रेझल मनासारखं झालं नाही की बायोडेटा अपडेट करायला घेतो, म्हणून हा आकडा आधीच सांगून टाकला.

अनुताई मूळच्या मोरगावच्या. अष्टविनायकाच्या टूरचा पहिला स्टॉप असतो ना, ते मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा गेला. सासरी नांदायला जायच्या आधीच वैधव्य. १९२० च्या दशकात अशा मुलीचं पुढचं आयुष्य म्हणजे बहुतेक वेळा मागचं दार आणि स्वयंपाकघर. घरच्यांनी तिला शिकू दिलं. बाकी सगळं तिचं तिनं केलं. प्राथमिक शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं, नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे काही वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवलं, आणि १९३३ च्या सुमारास पुण्यात हुजूरपागेत नोकरी मिळवली. हुजूरपागा म्हणजे मुलींच्या शिक्षणातलं केवढं मोठं नाव, ते पुणेकरांना सांगायला नको आणि इतरांना पुणेकर सांगतीलच.

तिथं दिवसा ही बाई शिकवायची आणि रात्री रात्रशाळेत जाऊन बाकावर बसायची. १९३७ साली, सत्ताविसाव्या वर्षी, ती मॅट्रिक झाली. नोकरी पक्की, शहर चांगलं, शाळा नावाजलेली. एकट्या बाईनं यापुढे काय मागावं? आजच्या भाषेत सांगायचं तर ती 'सेटल' झाली होती.

१९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टनं ग्रामसेविका तयार करण्यासाठी बोरिवलीला शिबिर घेतलं. (हो, आपलं बोरिवली. तेव्हा ते मुंबईबाहेरचं गाव होतं.) अनुताई तिथं गेल्या, तिथं ताराबाई भेटल्या आणि तिथून अनुताई पुण्याला परतण्याऐवजी बोर्डीला गेल्या. वय ३५. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या. म्हणजे दोघींत अठरा वर्षांचं अंतर.

आता ताराबाई कोण, ते चटकन सांगते. मुंबईच्या प्रार्थनासमाजी घरातल्या, त्या काळात बी.ए. झालेल्या, घटस्फोट घेऊन मुलीला घेऊन बाहेर पडलेल्या, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. ती प्रतिष्ठेची खुर्ची सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणात उतरल्या आणि १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. मादाम माँटेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या, त्याच्या कितीतरी आधी या मंडळींनी माँटेसरी पद्धत गुजराती-मराठी केलेली होती. मात्र ती शहरातल्या, बऱ्या घरच्या मुलांपर्यंतच पोचत होती. साधनं महाग, इमारत हवी, चकचकीत फरशी हवी. ताराबाईंना ही पद्धत गरिबाच्या दारात न्यायची होती. म्हणून बोर्डी.

आणि बोर्डी-डहाणू भागात १९४५ साली काय चाललं होतं? आपल्या कुर्त्यांवर आणि कॉफी मगांवर जी वारली चित्रं नाचत असतात ना, ती काढणारी माणसं तेव्हा जमीनदाराकडे वेठबिगारीत राबत होती. लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून नवरा-बायको दोघंही सावकाराचे गडी व्हायचे. त्यांना 'लग्नगडी' असा शब्दच होता. त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला, ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी दोन शहरी बायका इथं बालवाडी काढतात! पाड्यावर येणारा परका माणूस म्हणजे सावकाराचा, जंगलखात्याचा नाहीतर पोलिसांचा, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. त्यात ह्या म्हणणार, मुलं द्या, आम्ही त्यांच्याशी खेळतो.

अनुताईंची खरी गोष्ट इथं सुरू होते, आणि माझ्या मते ती शिकवण्याची नाहीच. ती गैरहजेरीची गोष्ट आहे.

सुरुवातीला नेहमीसारखी एका ठिकाणी बालवाडी भरवली. तिला नंतर 'मध्यवर्ती बालवाडी' म्हणू लागले. गावातली बऱ्या घरची मुलं आली. वस्तीवरची मुलं आली नाहीत, आली तरी टिकली नाहीत. आता आपण काय केलं असतं? मुख्याध्यापकांनी काय केलं असतं? रजिस्टरमध्ये लाल शाईनं 'गै' लिहिलं असतं आणि 'या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही' असा शेरा मारून चहा मागवला असता. इथं प्रश्न उलटा विचारला गेला: मूल येत नाही, म्हणजे शाळेचं काय चुकतंय?

लांब पडतं, परकं वाटतं, कपडे नाहीत, सकाळी आईबाप कामावर गेले की पोराला आणून सोडणार कोण? मग बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. झोपडीपुढची सारवलेली जागा हाच वर्ग. पोरं जिथं एरवी खेळतात तिथंच गाणी, गोष्टी, हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं. आजी दारात बसून बघतेय, कोंबड्या मधूनच पळताहेत. अंगणातली बालवाडी, म्हणून अंगणवाडी. बघा, किती सरळ शब्द आहे! आपण तो इतक्या वेळा सरकारी जाहिरातीत ऐकलाय, की त्यातलं अंगण आपल्याला दिसतच नाही.

साधनांचंही तसंच. माँटेसरीच्या आखीव-रेखीव लाकडी वस्तू इथं कोण विकत घेणार? पण मोजायला चिंचोके आहेत, शिंपले आहेत. लहान-मोठं कळायला दगड आहेत. रंग ओळखायला पानं, फुलं, माती आहे. आपण हल्ली ऑनलाइन 'इको-फ्रेंडली वूडन टॉइज' मागवतो, त्या किमतीत बोर्डीची एक बालवाडी किती दिवस चालली असती याचा मी हिशेब केला नाही. केला असता तर ऑर्डर कॅन्सल करावी लागली असती.

१९५७ साली काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला सगळे आदिवासी पाडे. इथं गैरहजेरीची नवीन कारणं सापडली. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर धाकटं भावंडं आहे. आई शेतावर आहे आणि घरातली आया हीच. तिला कितीही समजावलं तरी ती त्या बाळाला कुठं ठेवणार? मग शाळेला बालवाडी जोडली आणि बालवाडीला पाळणाघर. ताई तान्ह्याला पाळणाघरात सोडते, मधल्याला बालवाडीत आणि स्वतः शाळेत जाऊन बसते. तिन्ही एकाच आवारात. याला 'विकासवाडी' म्हणत. तान्ह्या बाळापासून प्राथमिक शाळेपर्यंत एकच सलग रस्ता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट एकत्र बांधला, तेव्हा आपल्याकडे केवढ्या चर्चा झडल्या! कोसबादला ही जोडणी साठ-सत्तर वर्षांपूर्वी झालेली होती, आणि ती कुठल्या समितीनं सुचवली नव्हती. कडेवरच्या पोरानं सुचवली होती.

आणि मुलगे? ते गुरांमागे. गुरं सकाळी रानात जातात, त्यांच्याबरोबर पोरगंही जातं. शाळेची घंटा आणि गुरांची वेळ एकच. गुरं तर शाळेत आणता येत नाहीत. म्हणून शाळा कुरणात गेली. कुरणशाळा! शिक्षक शिकवायचं सामान घेऊन रानात जाणार, गुरं चरताहेत तिथंच झाडाखाली वर्ग भरणार. कुठल्या झाडाचं पान कसं, कुठला पक्षी कधी ओरडतो, आपली गुरं किती, शेजारच्याची किती, बेरीज किती. एखादी गाय भलतीकडे निघाली की एकजण उठून पळणार, तिला वळवून परत येऊन बसणार. माझ्या डोक्यात हे चित्र इतकं पक्कं बसलंय, की मीटिंगमधून कुणी फोन घ्यायला बाहेर पळालं की मला ती गायच आठवते.

मोठ्या माणसांना दिवसा वेळ नाही, म्हणून त्यांचे वर्ग रात्री. रात्रशाळा म्हणजे काय हे अनुताईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या डोळ्यांवर अक्षरं कशी तरंगतात, ते त्यांनी स्वतः पुण्यात अनुभवलेलं होतं.

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा 'व्हॉलंटियरिंग डे' असतो. तुमच्याकडेही असेलच. बस, एकसारखे टी-शर्ट, कुठल्यातरी शाळेत चित्रकला स्पर्धा, केक, ग्रुप फोटो, सोमवारी ई-मेल. मी त्याची टिंगल करणार नाही. त्या दिवशी पोरं खूश असतात आणि आपणही. पण एक गोष्ट मला अनुताईंबद्दल वाचल्यावर खुपायला लागली. त्या दिवशी आपल्याला भेटतात ती फक्त हजर मुलं. नवे कपडे घालून, रांगेत बसून, आपल्या नावानं टाळ्या वाजवणारी. त्या दिवशी कोण आलं नाही आणि का आलं नाही, हे कळायला तिथं उद्याही असावं लागतं, परवाही, आणि पुढच्या पावसाळ्यातही. अनुताईंकडे वेगळी अशी काही जादू नव्हती. त्या दुसऱ्या दिवशीही तिथंच असायच्या.

अजून एक. अठ्ठावीस वर्षं ही बाई 'नंबर टू' होती. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. कल्पना, नाव, ओळखी ताराबाईंच्या. रोजची पाड्यांवरची पायपीट, शिक्षिका तयार करणं, मासिकाचं काम यात अनुताई. आपल्या ऑफिसांत असा माणूस एक तर तीन वर्षांत बॉसवर खार खाऊन निघून जातो, नाहीतर बॉसची सावली होऊन बसतो. अनुताई दोन्ही झाल्या नाहीत. ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ ला गेल्या, तेव्हा अनुताई ६३ वर्षांच्या होत्या, म्हणजे रिटायर होऊन नातवंडं खेळवायच्या वयाच्या. त्यानंतरची १९ वर्षं त्यांनी कोसबाद सांभाळलं आणि वाढवलं. पद्मश्री मिळाली ती १९८५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत.

मधे एक छोटीशी नोंद राहिली. ती मला पद्मश्रीपेक्षा जास्त आवडते. १९६१ साली, आजारपणानं नजर अधू झालेली असताना, अनुताई पदवीधर झाल्या. वय ५१. कोसबादच्या टेकडीवर त्यांना डिग्री विचारणारं कोण होतं? प्रमोशन नव्हतं, इन्क्रिमेंट नव्हतं. तरी बसल्या परीक्षेला!

लिहिलंही भरपूर. 'बालवाडी कशी चालवावी' हे पुस्तक, 'शिक्षणपत्रिका' मासिकाचं संपादन, आणि 'कोसबादच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र. आत्मचरित्र जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसलं तर घासाघीस न करता उचला.

आता पुन्हा त्या रंगवलेल्या भिंतीकडे येऊ. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, देशातल्या फक्त ३३ गटांमध्ये. तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. डहाणू तालुक्यातला एक शब्द एवढा पसरला! लसीकरण, पोषण आहार, वजन-उंची, गरोदर बायकांची काळजी हे सगळं तिथं चालतं, आणि जमलं तर शिकवणंही. 'जमलं तर' हे मी मुद्दाम लिहिलं. कारण रजिस्टरं भरायची, मोबाइल ॲपवर माहिती टाकायची, आहार वाटायचा, सर्वेक्षणाला हिंडायचं, एवढं झाल्यावर गाण्या-गोष्टींना किती वेळ उरतो, ते त्या सेविकांनाच विचारा.

आणि त्यांना पगार नाही, बरं का. त्यांना मिळतं ते 'मानधन'. म्हणजे ही नोकरी नाही, सेवा आहे, असं अधिकृत म्हणणं. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू होते, असा निकाल दिला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या आणि हा संप जानेवारीपर्यंत चालला. मला इथं थोडा राग येतो, लपवत नाही. अनुताईंनी आयुष्य दिलं, तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. एका बाईचा त्याग बघून लाखो बायकांना कमी पैशात राबवायचं आणि त्याला सेवा म्हणायचं, हे कुठलं गणित? आपल्या प्ले ग्रुपच्या टीचरलाही नेमका किती पगार मिळतो, हे फी भरताना आपण कधी विचारलंय का?

गैरहजेरीची यादीही काही संपलेली नाही. आता ठाणे जिल्ह्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झालाय, २०१४ मध्ये. दिवाळी झाली की इथल्या पाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात, वसई-भिवंडीकडे. मुलंही बरोबर जातात आणि शाळेच्या पटावर पुन्हा 'गै' लागतो. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच शाळा काढल्या. भट्टीवरच्या मजुरांच्या तात्पुरत्या खोपटाला तिथं 'भोंगा' म्हणतात, म्हणून त्या 'भोंगाशाळा'. अंगणशाळा, कुरणशाळा, भोंगाशाळा. नुसती नावं वाचली तरी कळतं, मूल त्या काळी कुठं होतं.

तर पुढच्या वेळी बोर्डीचा प्लॅन कराल तेव्हा थोडी वाकडी वाट करा. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. त्यापुढचं स्टेशन घोलवड, तिथल्या चिकूला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळालाय. तिथून कोसबादची टेकडी जवळच आहे. फक्त शनिवार-रविवार टाळा, एक सीएल टाका आणि सोमवारी सकाळी जा. रविवारी शाळेला सुट्टी असते.